सरकारचा हात कोण धरणार? उभरत्या अर्थव्यवस्थांविषयी वाचकांचे प्रश्न

उभरत्या अर्थव्यवस्थांमधल्या आर्थिक आणि राजकीय सुधारणांबद्दल बरीच पत्रे आली. त्यातली काही निवडून उत्तरे देते आहे. प्रश्न वेगवेगळ्या देशांबद्दल आहेत, तरी जवळपास सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: राज्यकर्त्याला एका सहीने किती काही बदलता यावे?

प्रश्न : मी स्पर्धा परीक्षांची तयारी करतो. अभ्यासिकेतले मित्र म्हणतात की गरीब देशाला आधी खमका हुकूमशहा लागतो, लोकशाही पोट भरल्यावर. इंडोनेशियाच्या सुहार्तोंचे उदाहरण ते नेहमी देतात. त्यांना काय उत्तर द्यावे? (पुणे)

मित्रांच्या म्हणण्यात जेवढे खरे आहे तेवढे आधी मान्य करा. सुहार्तोंच्या तीस वर्षांत इंडोनेशियाची अर्थव्यवस्था सरासरी सात टक्क्यांच्या आसपास वाढली, शाळा आणि दवाखाने गावोगावी पोचले, दारिद्र्य झपाट्याने घटले. १९९७च्या मध्यापर्यंत जागतिक बँकेसह सगळे त्यांची पाठ थोपटत होते.

मग त्या वर्षी थायलंडचे चलन कोसळले आणि झळ इंडोनेशियाला लागली. पुढचे आठ-नऊ महिने तुमच्या मित्रांना तपशिलात वाचायला सांगा. १ नोव्हेंबर १९९७ रोजी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या (अडचणीतल्या देशांना अटी घालून कर्ज देणाऱ्या संस्थेच्या) सल्ल्याने १६ बँका बंद झाल्या. त्यातली एक सुहार्तोंच्या मुलाशी संबंधित होती. मुलाने अर्थमंत्र्यांवर दावा ठोकला आणि थोड्याच दिवसांत दुसरी बँक हाताशी धरून धंदा पुन्हा सुरू केला. ठेवीदारांना जे समजायचे ते समजले. नियम इतरांसाठी आहेत, घरच्यांसाठी नाहीत. लोकांनी चांगल्या बँकांतूनही पैसे काढायला रांगा लावल्या. जानेवारीत डॉलरमागे ४,००० रुपिया (तिथले चलन) असा दर गृहीत धरलेला अर्थसंकल्प मांडला गेला, त्यावर कोणी विश्वास ठेवला नाही आणि दुकाने रिकामी झाली. फेब्रुवारीत मध्यवर्ती बँकेच्या गव्हर्नरांना घरी पाठवले. मार्चमध्ये सुहार्तो सातव्यांदा अध्यक्ष झाले आणि मंत्रिमंडळात त्यांची मुलगी आली. संकटाआधी डॉलरला सुमारे २,४०० रुपिया मोजावे लागत, जून १९९८मध्ये तोच दर १६,०००च्या पुढे गेला. मे महिन्यात इंधनाचे दर वाढले, जकार्तात विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला, दंगली उसळल्या आणि २१ मे रोजी सुहार्तोंना पायउतार व्हावे लागले. त्या वर्षी देशाचे उत्पन्न १३ टक्क्यांनी घटले.

थायलंड आणि दक्षिण कोरियालाही हाच फटका बसला होता. पण तिथे ऐन संकटात सरकारे बदलली आणि नव्या सरकारांवर लोकांनी भरवसा टाकला. इंडोनेशियात चुकलेला माणूस बदलण्याची सोयच नव्हती. हुकूमशहाचा निर्णय बरोबर असेल तोवर गाडी वेगात धावते, हे खरे. तो चुकला की त्याला सांगणारे कोणी उरलेले नसते, कारण सांगणाऱ्यांना त्याने आधीच बाजूला केलेले असते.

त्यानंतरची गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. १९९९मध्ये मध्यवर्ती बँकेला कायद्याने स्वायत्तता मिळाली. २००१पासून पैसा आणि अधिकार जिल्ह्यांकडे गेले, २००४पासून राष्ट्राध्यक्ष थेट मतदानाने निवडला जाऊ लागला. या गोंगाटाच्या, भांडकुदळ लोकशाहीत देश पुढची दोन दशके साधारण पाच टक्क्यांनी वाढत राहिला. सात नव्हे, पाच. पण २००८च्या जागतिक संकटात तो कोसळला नाही. माझ्या मते हा सौदा फायद्याचा आहे. तो पक्का झाला असे मात्र समजू नका. भ्रष्टाचारविरोधी आयोगाचे पंख २०१९मध्ये तिथल्या संसदेनेच कायदा बदलून कापले.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो आहे. सरकार लोकांनी निवडलेले असते, गव्हर्नर नेमलेला. मग व्याजदर ठरवण्याचा अधिकार सरकारला का नको? तुर्कस्तानात तेच केले ना? (डोंबिवली)

केले, आणि काय झाले ते आकड्यांत दिसते. अध्यक्ष एर्दोगान यांचे ठाम मत होते की जास्त व्याजदरामुळे महागाई होते. मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर एकेक करून गेले: जुलै २०१९मध्ये एक, नोव्हेंबर २०२०मध्ये दुसरा. मार्च २०२१मध्ये गेलेल्या तिसऱ्याला तर पाच महिनेही पुरे झाले नव्हते. त्यानंतर महागाई वाढत असताना व्याजदर १९ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर आणले. ऑक्टोबर २०२२मध्ये सरकारी आकडेवारीनुसार महागाई ८५ टक्क्यांवर पोचली.

तुम्ही बँकेत होता, म्हणून तुम्हाला एक तपशील आवडेल. लोक लिरा विकून डॉलर घेऊ लागले, तेव्हा डिसेंबर २०२१मध्ये सरकारने नवी मुदत ठेव काढली. पैसे लिरात ठेवा, मुदतीत लिरा जेवढा घसरेल तेवढी भरपाई आम्ही देऊ. ठेवी आल्या आणि घसरणही काही काळ थांबली. पण ज्याच्याकडे ठेवायला पैसे होते त्याची घसरणीपासून सुटका झाली, तर भाड्याच्या घरात राहणाऱ्या, पगारावर जगणाऱ्या माणसाला काहीच संरक्षण मिळाले नाही. भरपाईचा बोजा आधी तिजोरीवर, मग मध्यवर्ती बँकेवर पडला. २०२३मध्ये त्या बँकेचा तोटा ८०० अब्ज लिरांच्या पुढे गेला. म्हणजे गरिबाने महागाईतून श्रीमंताच्या ठेवीचा विमा भरला. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त खुपते ते हे.

निवडणूक झाल्यावर, जून २०२३पासून, दिशा बदलली आणि मार्च २०२४मध्ये व्याजदर ५० टक्क्यांवर गेला. तरीही २०२५मध्ये महागाई तिशीच्या खाली यायला तयार नव्हती. एकदा लोकांनी धरून चालले की भाव वाढणारच, की घरमालक, दुकानदार, कामगार संघटना सगळे त्या हिशेबानेच बोलतात.

तुमचा लोकशाहीचा मुद्दा मात्र रास्त आहे, आणि त्याला आपल्याकडे दिलेले उत्तर मला पटते. महागाईचे लक्ष्य निवडून आलेले सरकार ठरवते: ४ टक्के, दोन टक्के इकडे-तिकडे. ते गाठायचे कसे हे २०१६मध्ये कायद्याने स्थापन झालेली सहा जणांची पतधोरण समिती ठरवते, आणि लक्ष्य चुकले तर रिझर्व्ह बँकेला सरकारला लेखी कारण द्यावे लागते. १९९७पर्यंत सरकार तात्पुरत्या हुंड्या (थोड्या मुदतीची कर्जपत्रे) देऊन रिझर्व्ह बँकेकडून हवा तेवढा पैसा उचलत असे, ही गोष्ट तुमच्या पिढीला आठवतच असेल. तो रस्ता सरकारने स्वतःहून बंद केला. असा स्वतःचा हात बांधून घेणारा निर्णय मी मोठी सुधारणा मानते.

प्रश्न : माझी निफाड तालुक्यात शेती आहे. सुधारणा, उदारीकरण हे शब्द आम्ही तीस वर्षे ऐकतो. पण कांद्याला भाव आला की निर्यात बंद. दुसऱ्या कुठल्या देशात शेतकऱ्याशी असे वागतात का? (नाशिक जिल्हा)

दादा, वागतात. अर्जेंटिनात तर यावरून सरकार हादरले होते.

आधी आपले बघू. १९ ऑगस्ट २०२३ रोजी कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागले. ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद झाली. डिसेंबर म्हणजे लाल कांद्याचे दिवस, आणि लाल कांदा चाळीत टिकत नाही. उन्हाळ कांदा असता तर निदान थांबता तरी आले असते. ३१ मार्चला बंदी उठेल असे सांगितले होते, तीही लांबली. मे २०२४मध्ये बंदी उठली ती टनाला किमान ५५० डॉलर दर आणि ४० टक्के शुल्क ही अट घालून. शुल्क सप्टेंबरमध्ये २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ला शून्य झाले. दीड वर्षात एवढे बदल, आणि तुम्ही रोप टाकता तेव्हा काढणीच्या वेळी कोणता नियम असेल हे तुम्हाला कोणीच सांगू शकत नव्हते.

अर्जेंटिनाचे सरकार सोयाबीन, गहू, मका यांच्या निर्यातीवर कर लावून तिजोरी भरते आणि देशातले भाव खाली ठेवते. मार्च २००८मध्ये सोयाबीनच्या जागतिक भावाबरोबर चढणारा कर लावला गेला, तोही अर्थमंत्रालयाच्या एका ठरावाने. आधीच ३५ टक्के असलेला कर आणखी वर जाणार होता. शेतकऱ्यांनी महामार्ग अडवले, शहरांत थाळ्या वाजू लागल्या. चार महिने हे चालले. शेवटी अध्यक्ष क्रिस्तीना फर्नांदेस यांना हा ठराव संसदेपुढे न्यावा लागला. सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, १७ जुलैच्या पहाटे ३६ विरुद्ध ३६ अशी बरोबरी झाली. निर्णायक मत उपाध्यक्ष हुलियो कोबोस यांचे होते. ते सरकारमधलेच, तरी त्यांनी विरोधात मत दिले आणि ठराव पडला.

बीफचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. देशात मांस स्वस्त राहावे म्हणून २००६मध्ये त्याची निर्यात बंद केली, नंतर परवान्यांवर ठेवली. पशुपालकांनी गायी विकून कुरणांत सोयाबीन पेरले. त्यात दुष्काळाची भर पडली आणि काही वर्षांत देशातली जनावरे सुमारे एक कोटीने घटली. मग मांस महागले ते महागलेच. ज्या ग्राहकासाठी बंदी घातली, त्यालाच शेवटी जास्त पैसे मोजावे लागले.

तुमच्या जागी मी असते तर मागणी अशी केली असती. टंचाईत शहरातल्या गरिबाला कांदा परवडला पाहिजे, हे मान्य. पण त्यासाठी कोणत्या भावाला कोणते शुल्क लागेल याचा तक्ता पेरणीआधी जाहीर करा, हंगामाच्या मध्यात बदलू नका, आणि ठरलेल्या मुदतीपलीकडे बंदी न्यायची तर संसदेत मतदान घ्या. आज विदेश व्यापार महासंचालनालयाची अधिसूचना संध्याकाळी निघते आणि सकाळी लासलगावला लिलाव बंद पडतात. ही ताकद कोणत्याही पक्षाच्या सरकारकडे असू नये. १९९१ला कारखानदाराची परवान्यातून सुटका झाली, ती शेतकऱ्याची अजून झालेली नाही. त्यामुळे तुमचा राग मला अगदी योग्य वाटतो.

प्रश्न : नाणेनिधी म्हणतो अनुदाने काढा. अनुदान काढणे म्हणजेच सुधारणा का? गरिबांनी काय करायचे? (कोल्हापूर)

इंधनावरचे सरसकट अनुदान वाईटच, कारण मोटारवाल्याला रिक्षावाल्याहून जास्त मिळते. पण ते कसे काढता यावर सगळे ठरते. दोन देश शेजारी ठेवून बघा.

नायजेरियात १ जानेवारी २०१२ला पेट्रोल एका रात्रीत ६५ नायरावरून १४१च्या आसपास गेले. देशभर संप झाला आणि सरकारला ९७वर यावे लागले. २९ मे २०२३ रोजी नवे अध्यक्ष टिनुबू यांनी शपथविधीच्या भाषणातच अनुदान संपल्याचे जाहीर केले. काही दिवसांत दर दोनशेच्या आतून पाचशेच्या घरात गेला. पाठोपाठ नायराचा डॉलरमागचा दरही बाजारावर सोडला. गरिबांना रोख मदत देण्याची घोषणा नंतर झाली, ती अडखळत सुरू झाली, आणि जानेवारी २०२४मध्ये गैरव्यवहाराच्या आरोपांवरून संबंधित मंत्र्यांनाच निलंबित करावे लागले.

इंडोनेशियाने ऑक्टोबर २००५मध्ये अशीच मोठी वाढ केली होती. पेट्रोल २,४००वरून ४,५०० रुपिया लिटर, रॉकेल ७००वरून २,०००. पण वाढ होतानाच दीड कोटीहून जास्त कुटुंबांना महिना एक लाख रुपिया या हिशेबाने, तीन महिन्यांचे एकदम, टपाल कार्यालयातून मिळू लागले. याद्या घाईत केल्या होत्या, कित्येक गावांत सरपंचाच्या दारात भांडणे झाली. तरीही १९९८सारखी आग लागली नाही. २००७पासून रॉकेलवर स्वयंपाक करणाऱ्या घरांना तीन किलोचा छोटा हिरवा गॅस सिलिंडर आणि शेगडी फुकट दिली. पाच कोटींहून जास्त घरांपर्यंत हे पोचले. रॉकेल महागले, पण तोवर बाईच्या हातात दुसरी चूल आली होती.

आपल्याकडे डिझेलचे नियंत्रण उठले ते जानेवारी २०१३पासून दरमहा सुमारे ५० पैसे वाढवत. ऑक्टोबर २०१४ला ते पूर्ण मुक्त झाले. एका सरकारने सुरू केलेले काम दुसऱ्याने पुरे केले आणि कुठे रस्ते पेटले नाहीत. ज्याला झळ बसणार त्याच्या हातात आधी काहीतरी द्या, मग दर वाढवा, हा क्रम उलटला की चांगली सुधारणाही बदनाम होते.

प्रश्न : श्रीलंका सेंद्रिय शेतीमुळे बुडाली असे सगळे म्हणतात. आम्ही सेंद्रिय शेतीच करतो, हे ऐकून वाईट वाटते. (सिंधुदुर्ग)

वाईट वाटून घेऊ नका, तसे झालेले नाही. २०१९च्या अखेरीस सरकारने मूल्यवर्धित कर १५ टक्क्यांवरून ८वर आणला, उत्पन्न घटले, त्यात करोनाने पर्यटन बंद पाडले आणि परदेशी कर्जे डोक्यावर होतीच. एप्रिल २०२१मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर अचानक बंदी आली, तेव्हा डॉलर वाचवण्याची निकड हेही एक मोठे कारण होते. जमिनीला सेंद्रिय पद्धतीकडे वळायला वर्षे लागतात, हे तुम्हाला सांगायला नको. तिथे एक हंगामही मिळाला नाही. पुरेसे कंपोस्ट नव्हते. चीनहून खत मागवले तर त्यात घातक जीवाणू सापडले म्हणून जहाज नाकारावे लागले, तरी सुमारे ६७ लाख डॉलर द्यावेच लागले. नोव्हेंबरमध्ये बंदी मागे घेतली, तोवर भाताचा हंगाम हातचा गेला होता.

२०२०च्या विसाव्या घटनादुरुस्तीने राष्ट्राध्यक्षांवरचे बरेचसे अंकुश काढलेले होते. कृषिशास्त्रज्ञ ओरडून सांगत होते, पण ऐकणे भाग पडावे अशी कुठलीही संस्था शिल्लक नव्हती. एप्रिल २०२२मध्ये देशाने परदेशी कर्जफेड थांबवली आणि जुलैत राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे देश सोडून गेले.

प्रश्न : ब्राझीलने प्रचंड महागाई काही महिन्यांत आटोक्यात आणली असे वाचले. माझे किराणा दुकान आहे, मला हे शक्यच वाटत नाही. (सांगली)

तुम्ही दुकानदार आहात, म्हणून दुकानातूनच सांगते. १९९३मध्ये ब्राझीलची वार्षिक महागाई दोन हजार टक्क्यांच्या पुढे होती. सुपरमार्केटमध्ये लेबल-गन घेतलेला नोकर दिवसभर डब्यांवर नव्या किमती चिकटवत फिरे आणि गिऱ्हाईक त्याच्या पुढे पळत जाऊन जुन्या किमतीचा डबा उचले. पगार हातात पडताच महिन्याचा बाजार करायचा, कारण आठवड्याने तेवढ्यात कमीच येई.

आधीच्या सरकारांनी बरेच उपाय करून पाहिले होते. १९८६ला सगळे भाव गोठवले, तर माल फळीवरून गायब झाला. पशुपालक जनावरे विकेनात, तेव्हा पोलीस पाठवून कुरणांतून गुरे जप्त केली. मार्च १९९०मध्ये नव्या अध्यक्षांनी एका रात्रीत लोकांची बचतखातीच गोठवली. आयुष्यभराची पुंजी अडकली. तेच अध्यक्ष १९९२मध्ये महाभियोगाला सामोरे जाऊन पायउतार झाले.

१९९३मध्ये अर्थमंत्री झालेले फर्नांदो हेन्रिके कार्दोसो आणि त्यांचे अर्थतज्ज्ञ यांनी उलटी वाट धरली. काय करणार ते आधी सांगितले आणि संसदेतून मंजूर करून घेतले. आधी खर्चाला कात्री लावणारी घटनादुरुस्ती केली. मग १ मार्च १९९४पासून हिशेबाचे एक नवे एकक आणले. त्याची नोट नव्हती, नाणे नव्हते. मध्यवर्ती बँक रोज त्याचा दर जाहीर करी. पहिल्या दिवशी ते ६४७.५० क्रुझेरोंचे (तेव्हाचे चलन) होते. पगार आणि पुढे हळूहळू भाडी, करार त्यात मोजले जाऊ लागले. समजा साखरेची किंमत एक एकक. क्रुझेरोतला आकडा रोज वाढतो आहे, पण एककातली किंमत तशीच आहे. हे चार महिने लोकांनी डोळ्यांनी पाहिले. १ जुलैला एकक २,७५० क्रुझेरोंवर पोचले, तेव्हा त्याच एककाची खरी नोट छापून आणली. तिचे नाव रेआल. जूनमध्ये एका महिन्याची महागाई ४७ टक्क्यांच्या आसपास होती, सप्टेंबरमध्ये ती दोन टक्क्यांच्या आत आली. कोणाचे खाते गोठवले नाही, कोणाची गुरे जप्त केली नाहीत.

पुढे त्रास झालाच. व्याजदर फार चढे ठेवावे लागले, चलन महाग झाले आणि जानेवारी १९९९मध्ये त्याचे अवमूल्यन करावे लागले. पण महागाई पुन्हा तशी उसळली नाही. २००० साली राज्ये आणि महापालिकांच्याही उधळपट्टीला कायद्याने लगाम घातला.

प्रश्न : थोडक्यात, स्वतःचे हात बांधून घेणारा एखादा आदर्श देश सांगा. (अमेरिका)

आदर्श कोणीच नाही, पण चिलीचे सांगते. तिजोरीत मोठी भर घालणाऱ्या तांब्याचा दीर्घकालीन भाव काय धरायचा हे तिथे सरकारबाहेरच्या तज्ज्ञांचे मंडळ सांगते आणि २००१पासून खर्च त्या हिशेबाने होतो. भाव चढा असेल तर जास्तीचा पैसा निधीत जातो. २००८पर्यंत त्यात २० अब्ज डॉलरहून जास्त जमले. तो पैसा आत्ता वाटा म्हणून मोर्चे निघत होते आणि अर्थमंत्री आंद्रेस वेलास्को शिव्या खात होते. २००९च्या मंदीत त्याच निधीतून लोकांना मदत मिळाली आणि वेलास्को देशातल्या सर्वांत लोकप्रिय मंत्र्यांत गणले गेले.

तरीही ऑक्टोबर २०१९मध्ये मेट्रोचे भाडे ३० पेसोंनी वाढले आणि सान्तियागो पेटले. तिजोरी नीट होती, पण निवृत्तिवेतन तुटपुंजे होते आणि घटना हुकूमशहा पिनोशेच्या काळातली होती. नव्या घटनेचे दोन मसुदे लोकांनी २०२२ आणि २०२३मध्ये फेटाळले. मात्र जानेवारी २०२५मध्ये, वर्षानुवर्षे अडलेला निवृत्तिवेतन कायदा तिथल्या संसदेत दोन्ही बाजूंच्या मतांनी मंजूर झाला. मालकाचा हिस्सा टप्प्याटप्प्याने पगाराच्या साडेआठ टक्क्यांपर्यंत जाणार आहे. दर वर्षी किती वाढणार याचे वेळापत्रक कायद्यातच आहे, त्यामुळे कारखानदाराला आणि कामगाराला ते आजच वाचता येते.